भाऊंच्या मशीनचा वारा

“ओढा,” मी म्हटलं.

भाऊंनी दांडा छातीपर्यंत ओढला. साखळी सरकन बाहेर आली, परत आत गेली. सीट रुळावरून मागे-पुढे झाली. मी मशीनच्या पंख्याच्या जाळीपुढे हात धरून बसले होते. हाताला वारा लागला नाही.

“अजून जोरात.”

“जोर लागतच न्हाई, बाई. लई हलकं हाय. अंगात ताकदच तशी आलीय आता.”

“ताकद आलीय, तर वजन कावून उतरंना?” सुलोचना, म्हणजे भाऊंची बायको, दारातूनच म्हणाली. “अक्का, हे चोरून खातात. मला म्हाईत हाय.”

भाऊ वडवणीतले जुने पुढारी. सभेत दोन-दोन तास उभे राहायचे, आता जिना चढवत नाही. दोन्ही गुडघे गेलेत. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन. चालणं जमत नाही, म्हणून त्यांच्या मुलानं बंद पडलेल्या जिममधून हे रोइंग मशीन आणलं. नाव वल्हवल्यासारखा व्यायाम. आमच्याकडे नाव चालवायला पाणी कुठलं? तर बसल्या जागी दांडा ओढायचा, साखळीनं पंखा फिरतो, पंख्याला हवा अडवते, तेवढा जोर लागतो. सोपं आहे.

भाऊ रोज ओढत होते. वजनाचा काटा हलत नव्हता. सुलोचनानं दोन भाकरींची एक केली, एकीची अर्धी केली. शेवटी भाऊंनी मशीन पिकअपमध्ये टाकलं आणि माझ्या अंगणात आणून उतरवलं.

“बाई, देवाशपथ मी चोरत न्हाई. तुमी मशीन तपासा, न्हाईतर ही मला उपाशी मारती.”

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडची इन्स्ट्रक्टर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण पाने-पक्कड अजून माझ्याच पलंगाखाली असतात. नोकरीला नवी लागले तेव्हा मशीन बघायच्या आधी खोलायची. फॉल्ट सापडला की कुणाची चूक, ते वर्कशॉपभर ओरडून सांगायची. मला वाटायचं, पोरं मला घाबरतात. निरोप समारंभात कळलं, माझं नाव ‘भोंगा’ होतं. नात हे ऐकून अजून हसते.

तर यावेळी आधी बघितलं. साखळी फिरते, पंखा फिरत नाही. म्हणजे मधलं फ्रीव्हील पकडत नाही. सायकलला असतं तेच हे. पायडल मारलं की चाक ओढतं, पाय थांबवला की नुसतं कटकट करत मोकळं फिरतं. आत छोट्या खिट्ट्या असतात, सायकलवाले त्यांना कुत्रे म्हणतात. ओढलं की कुत्र्यांनी चाकाचे दात धरायचे. इथं एकही धरत नव्हता. भाऊ इतके दिवस नुसती साखळी आत-बाहेर करत होते.

भाऊंना फोन आला, ते बोलत फाटकापर्यंत गेले. मी कव्हर काढलं. फ्रीव्हीलच्या फटीतून पिवळं ग्रीस बाहेर आलेलं. आत ठासून भरलेलं, मळून घट्ट झालेलं. कुत्रे त्यात गाडले गेले होते.

“हे कुणी भरलं?”

सुलोचनानं फाटकाकडं बघितलं, मग पदर तोंडाला लावला.

“मीच, अक्का. पहिल्या आठवड्यात लई दम लागायचा त्यांना. छातीवर हात धरून बसायचे. मला भ्या वाटलं. वैरण कापायची कडबाकुट्टी जड झाली की आमी ग्रीस भरतो, हलकी होती. तशीच ग्रीसची गन लावली.”

“आणि झालं हलकं.”

“लई हलकं झालं वो.” मग तिच्या ध्यानात आलं. “म्हंजी मी त्यांना फुकटच उपाशी ठेवलं?”

मी पाना उचलून फ्रीव्हील सोडवायला घेतलं. माझ्यातला भोंगा मात्र घशापर्यंत आला होता.

फ्रीव्हील डिझेलमध्ये भिजवलं, खोललं, कुत्र्यांच्या स्प्रिंगा बदलल्या. आत फक्त दोन थेंब पातळ तेल. रुळाचा गंज पॉलिश पेपरनं घासला आणि रूळ कोरडाच ठेवला, कारण तेल लावलं की धूळ बसते. सीटच्या चाकांत नवे बेअरिंग टाकले. साखळी मागं ओढणारा रबर ढिला पडत चालला होता, तोही नवा बसवला.

आठवड्यानं दोघं आले. भाऊंनी दांडा ओढला. पंखा घुमला, ओसरीच्या भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं. पाच-सहा ओढीत भाऊ घामाघूम.

“बाई, बिघडवलं की तुमी!”

“आता नीट झालंय. जपून करा. डॉक्टरांना विचारून रोज थोडं थोडं वाढवा.”

“मग आधी काय झाल्तं?”

सुलोचना कॅलेंडरकडं बघत होती, जणू आज एकादशी आहे का ते शोधतेय.

“ग्रीस घट्ट झालं होतं,” मी म्हटलं. “जुनं मशीन आहे.”

खोटं त्यात काहीच नव्हतं. भोंग्याला हे कधी जमलं नसतं.

सुलोचना पुटपुटली, “आज अख्खी भाकरी करते.”

वजन हळूहळू उतरलं. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं. परवा भाऊ काठी टेकत एकटेच माझ्याकडं आले. चहा घेतला, मग हळूच म्हणाले, “बाई, ते ग्रीस आमच्या कडबाकुट्टीचंच होतं ना? मशीन पिकअपमधी चढवतानीच कव्हरच्या फटीतनं बघितल्तं. तसलं पिवळं ग्रीस आमच्याच डब्यात हाय.”

“मग बोलला का नाहीत?”

“ती सवताच सांगंल म्हणून थांबलो. मग तिनं अख्खी भाकरी चालू केली. अन् आता तर वर तूप बी वाढती. कशाला बोलू?”

कडबाकुट्टीला ग्रीस लागतंच. फ्रीव्हीलला मात्र दोन थेंब पातळ तेल बास. तूप भाऊंना अजिबात चालत नाही, हे मी सुलोचनाला फोन करून सांगितलं.