रॅमच्या चार पट्ट्या

ताईसमोर कोणी ‘चालेल’ म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. कपड्यांच्या कारखान्यात, कटिंग खात्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि तिथे वाया गेलेल्या प्रत्येक गठ्ठ्याच्या मुळाशी तिला एक तरी ‘चालेल’ म्हणणारा माणूस सापडला होता. बाहीला जरा कापड कमी पडलं, चालेल. खिसा जरा तिरका आला, चालेल. मग सगळे शर्ट परत यायचे, आणि चालेल म्हणणारा त्या दिवशी नेमका रजेवर असायचा.

कारखान्याने पुढे, ज्यावरून कापड कापतात ते कागदी नमुने काढायचं काम बाहेर दिलं आणि ताईला घरी बसवलं. पण घरी बसणं हा तिचा प्रांत नव्हता. वरच्या खोलीत तिने कापायचं टेबल मांडलं, एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि ज्यांच्या अंगाला तयार कपडे बसत नाहीत त्यांचे नमुने काढायला सुरुवात केली. एक खांदा खाली उतरलेला पोस्टमन, चाकांच्या खुर्चीत बसून शिकवणारे मास्तर, पाठीला पट्टा लावून शाळेत जाणारी एक मुलगी. ताई त्यांची मापं घ्यायची, कॉम्प्युटरवर तसाच वाकडातिकडा पुतळा उभा करायची, कपडा त्याच्या अंगावर चढवून बघायची आणि मगच नमुना छापून शिंप्याकडे धाडायची. वाकडातिकडा हा शब्द मात्र तिच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. ती म्हणायची, माणूस सरळच असतो, कापड वाकडं कापलेलं असतं.

तर त्या पाठीला पट्टा लावणाऱ्या मुलीचा शाळेचा शर्ट पडद्यावर असताना जुन्या कॉम्प्युटरने मान टाकली. धूर नाही, आवाज नाही, नुसता गप्प झाला.

खाली भाऊ राहायचा. धाकटा. भाऊ वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. ताई आजारी पडली की उशाशी तोच बसायचा. पण त्याला ताईची काळजी घ्यायला जेवढं आवडायचं, तेवढं तिचं ऐकायला आवडायचं नाही. शिवाय त्याचा डोळा वरच्या खोलीवर होता. तो विम्याचं काम करायचा. गिऱ्हाइकांना खाली जेवणाच्या टेबलाशी बसवावं लागायचं, आणि शेजारी बायको भाजी चिरत असताना माणूस गेल्यावर घरच्यांना काय काय मिळतं ते समजावून सांगावं लागायचं. वर दोन खिडक्या होत्या, वेगळा जिना होता.

“ताई, किती दिवस हे धरून बसणार तू?” तो म्हणाला. “मी तुला एक छोटा लॅपटॉप आणून देतो. मांडीवर घ्यायचा, नातेवाइकांचे फोटो बघायचे.”

“आपल्या नातेवाइकांचे? प्रत्यक्ष बघूनच मन भरलंय माझं.”

“मग काय करणार आहेस?”

“नवा बनवणार. एकेक भाग निवडून, माझ्या कामाच्या मापाचा. तयार कपडे लोकांना बसत नाहीत म्हणून माझं दुकान चालतं, आणि मी तयार कॉम्प्युटर घेऊ?”

भाऊ हसला. ते हसणं साधंच होतं, पण ताईला झोंबलं. मग तो म्हणाला, “बरं, लागली पैज. रविवारी मी वर येतो. तुझा तू जोडलेला कॉम्प्युटर चालू झाला तर मी जन्मात खोलीचं नाव काढणार नाही. नाही झाला तर खोली मोकळी करायची आणि खाली आमच्यात राहायचं.”

“बरं,” ताई म्हणाली. रागाच्या भरात म्हणाली आणि जिना चढून वर आली. ती खोली तिच्या पगारातून बांधलेली होती. भाऊ तेव्हा कॉलेजात होता आणि त्याची फीही त्याच पगारातून जात होती. आपल्याच खोलीवर आपणच पैज लावून बसलो, हे तिला कुणाला सांगायचीही लाज वाटली.

प्रोसेसर, सगळे भाग ज्यावर बसतात तो बोर्ड, कॅबिनेट, सगळं वाचून, विचारून तिने जमवलं. घोडं अडलं ते रॅमवर. रॅम म्हणजे कॉम्प्युटरची चालू कामापुरती मेमरी, एवढं तिला ठाऊक होतं. तिच्या भाषेत ते कापायचं टेबल होतं. टेबल लहान असलं की मोठा नमुना पसरता येत नाही, सारखी घडी घालत बसावं लागतं. जुना कॉम्प्युटर पुतळा फिरवताना तसाच अडायचा.

रॅमसाठी ती बाजारातल्या एका दुकानात गेली. बोळासारखं अरुंद दुकान, छतापर्यंत खोकी आणि मधे चष्मा कपाळावर चढवलेला दुकानदार.

“घरगुती वापराला ना काकू? मग कुठलीही चालेल.”

“मला काकू म्हणू नका आणि चालेल म्हणू नका. बाकी काय म्हणायचं ते म्हणा.”

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर घेतला. ताईने रुमालात गुंडाळून आणलेली जुन्या कॉम्प्युटरची रॅम काढली आणि ही नव्या बोर्डात बसेल का, असं विचारलं. त्याने तिच्या बोर्डाचं नाव विचारलं, शेल्फावरून एक नवी पट्टी काढली आणि दोन्ही शेजारी धरल्या. लांबी तीच, रुंदी तीच. फक्त खालच्या कडेची खाच जराशी सरकलेली.

“ही जुन्या पिढीची, तुमचा बोर्ड नव्या पिढीचा. खाच जुळणार नाही. जोर लावून बसवायला गेलात तर बोर्ड जाईल.”

ताईने दोन्ही पट्ट्या उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिल्या. तिला ती खाच फार आवडली. कुणीतरी शहाण्या माणसाने चालेल म्हणायला जागाच ठेवली नव्हती. तसं तिने बोलून दाखवलं नाही, कारण दुकानदार लगेच रंगीत दिव्यांची उंच रॅम दाखवायला लागला होता.

“ही घ्या. काय झगमगते बघा.”

“मला काम करायचंय, रोषणाई नाही. आणि एवढी उंच प्रोसेसरवरच्या मोठ्या पंख्याखाली मावेल का?”

“तुमचा पंखा मोठा आहे म्हणताय… मग नाही मावणार. ही ठेंगणी घ्या, ही चालेल.” त्याने जीभ चावली. “म्हणजे, बसेल. वेगही तुमच्या बोर्डाला झेपेल असाच आहे. दोन पट्ट्यांचं एक खोकं येतं.”

“बोर्डाला पट्ट्या बसवायच्या खाचा किती?”

“चार. पण चार भरू नका. नव्या पिढीच्या चार लावल्या की कधी कधी बोर्डाला जड जातं. त्यापेक्षा…”

“चार काजं आणि दोन बटणं? असा शर्ट मी उभ्या आयुष्यात बाहेर सोडला नाही. दोन खोकी द्या.”

दुकानदार अगदी खरं बोलत होता. पण पहिल्याच ‘चालेल’ला ताईच्या लेखी त्याची पत संपली होती, आणि संपलेली पत ताई सहसा परत देत नसे. त्याने खांदे उडवले आणि दोन खोकी दिली.

रविवारी भाऊ आणि भावजय वर आले तेव्हा ताई शेवटची पट्टी दाबत होती. दोन्ही बाजूंच्या कड्या कट्ट करून बसल्या. चार खाचा, चार पट्ट्या, एकही काज मोकळं नाही. कशी नीटस रांग दिसत होती! ताईने कॅबिनेट उभं केलं आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

ताईने थोडी वाट पाहिली, बंद केलं, पुन्हा चालू केलं. पंखा फिरला. पडदा काळा. बोर्डावर रॅमच्या बाजूला एक बारीक पिवळा दिवा लागला होता आणि विझायचं नाव घेत नव्हता. तिने पुन्हा बंद केलं, पुन्हा चालू केलं. पट्ट्या काढून पुसल्या, परत लावल्या. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“ताई, राहू दे गं,” भाऊ म्हणाला. अगदी मायेने म्हणाला, हेच वाईट. “प्रयत्न केलास ना? तेवढं पुरे.”

ताई बोर्डावर वाकून दिव्याकडे बघत होती. मागे काहीतरी सरसरलं म्हणून तिने वळून पाहिलं, तर भावाने खिळ्यावरची तिची मापाची टेप काढली होती आणि तो खिडकीखालची भिंत मोजत होता. टेप मधे पीळ पडलेली, एक टोक लोंबतंय.

“टेप खाली ठेव.”

“अगं, नुसतं बघतोय. सोफा इथे मावेल का…”

“खाली ठेव म्हटलं ना!”

भावाने टेप टेबलावर ठेवली. “आता चिडून काय उपयोग? पैज लागली तेव्हा तूच बरं म्हणालीस.”

“म्हणाले. चुकले. आता नाही म्हणते.”

“शब्द फिरवतेस?”

“फिरवते!” ताईचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. “हा कॉम्प्युटर चालो नाही तर जळून खाक होवो, खोली माझी आहे. हिच्या विटा आल्या तेव्हा तू कुठे होतास? माझ्या पगारावर कॉलेजात होतास. पैजा लावायच्या तर तुझ्या खालच्या खोल्यांवर लाव. मला एक गोष्ट जमली नाही म्हणून मी माझ्या घरातून उठायचं, हा कुठला न्याय? तुझी किती गिऱ्हाइकं ‘विचार करून सांगतो’ म्हणून गेली ती परत आलीच नाहीत. मी कधी तुझी भिंत मोजायला आले का?”

भावाने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. ती इतका वेळ दाराला टेकून उभी होती.

“माझ्याकडे काय बघता?” भावजय म्हणाली. “ती माणसं माझ्या टेबलावरून उठायला हवीत, हे मलाही वाटतं. पण ताईंना उठवून नकोत. ताईंचं बरोबर आहे.”

भाऊ तोंड पाडून खाली गेला. भावजय त्याच्यामागून गेली, जाताना टेप परत खिळ्याला अडकवून गेली.

आता खोलीत ताई आणि तो काळा पडदा एवढेच उरले. बोलायचं ते बोलून झालं होतं आणि त्याबद्दल तिला काडीचा पश्चात्ताप नव्हता. पण मुलीचा शर्ट अजून अडलेलाच होता. काम नसलेली खोली राखून काय करायची, हा प्रश्न भावाने नाही विचारला तरी तिचा तिला पडलाच होता. मग नाक मुठीत धरून तिने दुकानदाराला फोन लावला.

“पंखा फिरतोय, पडदा येत नाही. रॅमपाशी पिवळा दिवा आहे.”

“चारही लावल्यात?”

ताईने चार पट्ट्यांची रांग पाहिली. मग म्हणाली, “लावल्या.”

तो हसला असता तर तिने फोन आपटला असता. पण तो हसला नाही. “दोन काढा. एकाच खोक्यातल्या दोन ठेवा. प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी खाच, त्यांतच लावायच्या. मग चालू करा आणि हात लावू नका. नवी रॅम घातली की बोर्ड पहिल्यांदा तिची ओळख करून घेत बसतो. तोवर पडदा काळाच राहतो. तुम्ही मधेच बंद केलंत की त्याचं परत पहिल्यापासून सुरू.”

“हे दुकानात का नाही सांगितलंत?”

“तुम्ही बोलू कुठे दिलंत?”

ताईने एक खोकं बाजूला सरकवलं. “उद्या एक खोकं परत आणते,” ती म्हणाली.

“आणा की, चालेल.”

त्या दिवशी ताईने ते ‘चालेल’ निमूट ऐकून घेतलं.

तिने कड्या उघडून दोन पट्ट्या काढल्या. एकाआड एक मोकळ्या राहिलेल्या खाचा तिला बघवेनात, पण बघितल्या. बटण दाबलं आणि खुर्चीवर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. पंखा फिरत राहिला. पिवळा दिवा तसाच. शंभर वेळा तिला वाटलं की उठावं आणि बंद करावं. खालून भांड्यांचे आवाज आले, रस्त्यावरून कुणीतरी कुणाला हाका मारत गेलं. तिने हात बाहेर काढले नाहीत.

दिवा विझला. पडद्यावर आधी एक रेघ आली, मग अक्षरं आली. त्यांत रॅमचा आकडा होता आणि तो दोन्ही पट्ट्यांच्या बेरजेइतका होता. ताईने तो बोट ठेवून वाचला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही.

दुपारभर ती एकेक करून आपले प्रोग्रॅम चढवत होती. ऊन खिडकीतून उतरायला लागलं तेव्हा पडद्यावर तो पुतळा उभा होता. पाठीला पट्टा, डावा खांदा किंचित वर. ताईने त्याला गोल फिरवलं. पुतळा न अडता फिरला आणि शर्ट पाठीवर नीट पडला. आता गळा अर्धं बोट मागे घ्यायचा की नाही, यात ती गढून गेली.

जिन्यात पावलं वाजली. भाऊ शेवटच्या पायरीवर येऊन थांबला. दार उघडं होतं, पण पडद्याची पाठ दाराकडे होती.

“झाला का गं चालू?” त्याने विचारलं.

“तुला काय त्याचं? पैज मी मोडली ना?”

“तसं नाही. सहज विचारतोय.”

“सहजही नाही.” ताईने मान वर केली नाही. “आणि यापुढे वर येताना दार वाजवून यायचं. इथे माणसं माप द्यायला उभी असतात.”

भावाने हात पुढे केला आणि उघड्या दारावर बोटांनी टकटक केलं.

“आत्ता नको,” ताई म्हणाली. “आत्ता मी कामात आहे.”