पंधरा फुटांचा बांबू

वडिलांनी शेवटच्या आजारपणात ट्रेलर माझ्या नावावर केला, दोन्ही भावांच्या नाही. त्यांच्या अवजड मालवाहतुकीच्या धंद्याचे कागद वर्षानुवर्षं मीच सांभाळत होते. मोठ्या दादाला ते आजही पचलेलं नाही. वडील गेल्यावर त्याने गिऱ्हाईक शोधलं आणि मला बजावलं, शनिवारपर्यंत माल नेण्याची पहिली परवानगी काढून दाखव, नाहीतर ट्रेलर विकायचा. मीही रागाच्या भरात हो म्हणून बसले.

माल होता कापसाच्या गठाणी बांधायचं प्रेस, कारंजाहून अल्लीपूरच्या जिनिंग गिरणीत न्यायचं. ट्रेलरवर चढवल्यावर जमिनीपासून उंची पंधरा फूट. एवढ्या उंच मालासाठी परवानगी देणाऱ्या कार्यालयाचा माणूस आधी तेवढ्याच उंचीचा बांबू जीपवर उभा बांधून सगळा रस्ता फिरून येतो. बांबू तारेला लागला की अर्ज परत. माझा परत आला. आंजीजवळ तार लागते, असा शेरा होता.

तीन दिवस खेटे घातले. बाबूंचं एकच पालुपद, मालकाला पाठवा. मालक मीच आहे म्हटलं की ते पंख्याकडे बघायचे.

शुक्रवारी आवारात ती जीप दिसली, बांबू अजून बांधलेलाच. बांबू बरोबर पंधरा फुटांचा होता, पण त्याचं बूड जीपच्या मागच्या फळीवर टेकलेलं. म्हणजे शेंडा जमिनीपासून साडेसतरा फुटांवर. त्या फळीने आजवर किती जणांचे अर्ज खाल्ले असतील, देव जाणे. माझं डोकंच फिरलं.

मी दोऱ्या सोडल्या आणि बांबू साहेबांच्या खिडकीसमोर जमिनीवर टेकवून उभी राहिले. शिपाई धावला, बाबू धावले. मी हलले नाही. शेवटी साहेब बाहेर आले.

"साहेब, मशीन रस्त्यावरून जाते, तुमच्या जीपवर बसून नाई," मी म्हणाले. "आता आंजीले चाला. बांबू तारेले लागला तं मी सोता अर्ज फाडतो."

साहेब आले, हे त्यांचं मोठेपण. तारेखाली मी बांबू डांबरावर टेकवून सरळ धरला. वर दोन फूट मोकळे राहिले आणि नियमाला तेवढे पुरत होते. साहेबांनी खाली वाकून बांबूचं बूड पाहिलं, मग सोबत आणलेल्या जीपवरच्या माणसाकडे पाहिलं. परवानगीवर सही त्याच संध्याकाळी झाली.

शनिवारी सकाळी मी ट्रेलरच्या पुढे चालणाऱ्या गाडीत बसले होते. आंजीची तार मागे पडली आणि दादाचा फोन आला. गिऱ्हाईक घरी येऊन बसलं होतं, ट्रेलर पाहायचा म्हणत होतं.

"गाडी कामावर हाय, दादा," मी म्हणाले. "पाहाची असन तं त्याले अल्लीपूरच्या रस्त्यावर उभं राहा म्हना."