पत्ता चुकू न देणाऱ्या मठपती मॅडम

निलंग्याहून बॅग घेऊन मी नांदेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रुजू झालो, त्या दिवशी तिथल्या वरिष्ठ इंजिनिअर शिवलीला मठपती मॅडमनी माझी मार्कशीट पाहिली नाही. "जेवलात का?" एवढंच विचारलं आणि स्वतःच्या डब्यातली भाकरी व शेंगदाण्याची चटणी पुढे केली. त्यांच्या साठाव्या वर्षानिमित्त लिहायला बसलो, तर आधी ती चटणीच आठवली. विद्वान सहकाऱ्यांनी क्षमा करावी.

जेवता जेवताच पहिला धडा झाला. फोन लावला की आवाज मागाहून जातो. आधी एक निरोप पुढे धावतो, तो नंबर कुठे आहे हे विचारत. मॅडम म्हणाल्या, "निलंग्याच्या स्टँडवर किनवटचं पार्सल घेणाऱ्याला किनवटची गल्ली कशाला ठाऊक पाहिजे? लातूरच्या गाडीत टाकायचं एवढं कळलं की बास. पुढचं लातूरवाला बघतो. पण कुठलं पार्सल कुठल्या गाडीत, हा मधल्या एकाचा तक्ता चुकला की पार्सल गेलं सोलापूरला!" पुढे मी जाडजूड पुस्तकं वाचली, त्यांत याहून फार वेगळं काही निघालं नाही.

मॅडम कडक. "टॉवर वीक असेल" असं मोघम उत्तर देणाऱ्याची धडगत नसे. मी पुष्कळदा बोलणी खाल्ली आहेत.

त्यांचं मोठेपण मात्र कळलं ते किनवटच्या वसतिगृहातल्या कवितामुळे. तिला लातूरच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती. ती पक्की करायला मोबाईलवर ओटीपी हवा, आणि तो येईना. सगळ्यांनी तिला हँडसेट बदलायला सांगून झालं होतं. शेवटी तिने आमच्याकडे फोन केला. "मॅडम, आज शेवटचा दिस हाय. सकाळपासून बघून राहिले, मेसेजच येईना." पोर रडकुंडीला आली होती.

"नंबर तोच ठेवून कंपनी बदललीस का?" मॅडमनी विचारलं.

"हाव. आता तुमच्याकडंच आले की."

मॅडमनी लगेच ओळखलं. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात हा नंबर अजून जुन्याच घरी नांदत होता. निरोप तिथे जाई आणि "असं कुणी इथं राहत नाही" ऐकून संपे.

त्या कंपनीचे इंजिनिअर ऐकेनात. "चूक आमच्याकडं न्हाई." मी भांडायला सरसावलो, मॅडमनी फोन काढून घेतला. "चूक आमची म्हणून लिहा, साहेब. माझं नाव घाला. पण तक्ता आत्ता दुरुस्त करा. पोरीचं वर्ष जाईल."

थोड्या वेळाने कविताचा फोन आला. "आला मॅडम, आला! सांगू का? चार, सात..."

"अगं, मला कशाला सांगून राहिलीस? ओटीपी कुणाला सांगत नसतात! भर आधी!" मॅडम ओरडल्या आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसू लागल्या.

त्या वेळी त्यांची बढती तोंडावर होती. नावावर घेतलेल्या त्या चुकीपायी ती लांबली. मला अजून राग येतो. मॅडमना येत नाही. विषय काढला की म्हणतात, "पोरगी नर्स झाली का न्हाई? मग?"

"साठी बुद्धी नाठी" म्हणणाऱ्याला मॅडम भेटल्या नसाव्यात. मॅडम, तुम्हाला ठणठणीत प्रकृती आणि उदंड आयुष्य लाभो. आणि आम्हा शिष्यांना, परक्या पोरीसाठी दुसऱ्याची चूक आपल्या नावावर लिहून घेण्याची छाती लाभो.