आक्कांच्या घरातल्या चायनीज शेवया

नोकरीतल्या फायली कधीच निकाली निघाल्या. किस्से मात्र अजून पेंडिंगच! तिघी भेटलो की एक निघतो, त्याच्या शेपटाला धरून दुसरा.

लातूर जिल्हा नवा नवा झालेला. नव्या ऑफिसात आम्ही तिघी क्लार्क. मी मुरुडची, सुनंदा मुखेडची, उज्वला हिमायतनगरची. खोली एकच, आक्कांच्या घरात. आक्का कपाळभर विभूती लावायच्या. पहिल्याच दिवशी बजावलं, "अंडं-मटन चालनार न्हाई!"

वर दुष्काळ. टँकर चौथ्या दिवशी.

एकदा सुनंदानं हैदराबादहून नूडल्सची पाकिटं आणि सोया सॉसची बाटली आणली. आक्का हजर.

"अंडं हाय का ह्यात?"

"न्हाई आक्का."

"दूध? तूप?"

"न्हाई. नुसता कोबी, लसूण, मिरची आन् करडीचं तेल."

आक्कांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. "मंग बिमार मानसाचं हाय का हे?"

*

पाकिटावरचं इंग्रजी सुनंदा मोठ्यानं वाचून मराठीत सांगत होती. "भरपूर पाण्यात उकळा. मग पाणी फेकून द्या."

"कोन फेकून राहिलं पानी?" आक्का थेट चुलीपाशी!

नशीब, पाण्यात मीठ घातलं नव्हतं. त्यांनी ते पाणी पातेल्यात धरलं, गार केलं आणि अंगणातल्या बेलाच्या झाडाला घातलं. मग दर रविवारी नूडल्स आणि ते पाणी बेलाला. तीन-चार रविवारांत पालवी! आक्का शेजारणीला सांगायच्या, "आमच्या महादेवाला चायनीज बेल असतोय."

*

हे काड्यांनी खातात असं उज्वलानं कुठंतरी वाचलं होतं. तिनं लोकरीच्या सुया काढल्या. अर्धा तास झाला तरी ताटलीतलं ताटलीतच. आक्का दारातून बघत होत्या.

"जेवून राहिलीस का स्वेटर इनून राहिलीस?"

*

सुनंदाचे वडील, दादा, मुक्कामाला आले. त्यांना खोकला. आम्ही ऑफिसातून आलो तर सॉसची बाटली अर्धी!

"दादा, हे काय केलं?"

"दोन-दोन चमचे घेतलं. लई खारट हाय, पन आराम पडला. कोन्या डॉक्टरचं औषध हाय हे?"

*

आणि उज्वलाचं लग्न! आधीच्या तीन स्थळांची एकच अट होती, नोकरी सोडा. तिन्ही वेळा ती "न्हाई" म्हणाली आणि तिन्ही वेळा रात्रभर रडली. चौथं स्थळ आलं ते न कळवता, रविवारी दुपारी. बापलेक दोघंच. घरात पोहे नाहीत, चहाला दूध नाही. कढईत नूडल्स तेवढ्या तयार. त्याच दिल्या.

मुलानं घास घेतला. एक नूडल काही संपेना! तो मान खाली घालून ओढतोय, ओढतोय. तेवढ्यात वडील घसा खाकरून म्हणाले, "पोरगी चांगली हाय. फक्त लग्नानंतर नोकरी सोडावी लागंल."

उज्वलाचा चेहरा उतरला. मुलाच्या तोंडातून नूडल लोंबतेय. त्यानं जोरजोरात मान हलवली, नाही, नाही.

वडील चमकले. "काय? सोडायची न्हाई म्हन्तोस?"

तोंड भरलेलं. पुन्हा मान, आणखी जोरात!

वडिलांनी लेकाकडं पाहिलं, उज्वलाकडं पाहिलं. "बरं बाबा. करू दे नोकरी. ठरलं!"

मुलानं शेवटचा घास गिळला, तोंड पुसलं आणि उज्वलाकडं बघून विचारलं,

"अजून हायत का?"