पांढऱ्या मातीचं पोतं

खारघरला टॉवर उभे राहायच्या आधीची गोष्ट. पनवेलबाहेर एका टेकडीच्या उतारावर पुण्याचं एक जोडपं घर बांधणार होतं. नकाशा काढणाऱ्या बाईंचा हट्ट एकच, टेकडी कापायची नाही. उतार जसा खाली येतो तसं घर तीन टप्प्यांत खाली उतरणार. पाया खणताना निघेल तीच माती भिंतींना.

माझा नवरा तिथं राखणीला. मी बीडकडची, सातवीत शाळा सुटलेली. बाईंनी विचारलं, "मातीचं काम येतं?"

"आमच्याकडं घरंच मातीची, बाई."

"मग एक नमुन्याची भिंत घाला. पावसात टिकली तर सगळ्या भिंती मातीच्या, आणि काम तुमचं. नाही टिकली तर मालक विटा-सिमेंट घालणार."

मला आजवर असं विचारून कुणी काम दिलं नव्हतं. बरं वाटलं, आणि त्या दिवसापासून मी येता-जाता आभाळाकडं बघायला लागले.

इथली माती तांबडी. हातात घेतली की परक्याचं लेकरू घेतल्यासारखं वाटायचं. गावी आमच्या घराच्या सपाट छतावर, माळवदावर, आई पांढरी माती पसरून पायानं दाबायची, खाली उन्हाळ्यात गार. तीच पाहिजे, असं मनानं घेतलं. नात्यातल्या एका लग्नाला गावी गेले ती येताना पोतंच भरून आणलं.

कंडक्टर म्हणाला, "ज्वारी का?"

"माती."

"पनवेलला माती संपली वाटतं."

सगळी एसटी हसली. मी पोत्यावर हात ठेवून बसून राहिले.

बाईंना सांगितलं नाही. भिंतीच्या वरच्या गिलाव्याला गुपचूप तीच माती लावली. भिंत अशी दिसायला लागली की संध्याकाळी मी तिच्याजवळ बसायला काहीतरी काम काढायची.

जूनमध्ये तीन दिवस पाऊस खळला नाही. चौथ्या दिवशी बाई आल्या आणि खालीच थांबल्या. तांबड्या उतारावरून पांढरे ओघळ थेट रस्त्यापर्यंत आले होते. लपवायला काही उरलंच नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं आणि 'उद्यापासून येऊ नका' ऐकायला उभी राहिले.

खालच्या गावातली आगरी मावशी गवत कापत होती. तीच बोलली, "तुमच्याकडं पाऊस नाय, म्हनून तुमची माती लाडावलेली हाय गो बाय. आमी कारवीच्या काठ्यांचा कूड बांधतो, मंग माती थापतो. छप्पर पन रुंद लागतं."

बाई माझ्याकडं वळल्या. "मावशींकडून शिकाल?"

शिकले. बाईंनी मालकांकडून आणखी एका भिंतीची संधी मागून घेतली आणि नकाशात छप्पर भिंतीपुढं दोन हात वाढवलं. कूड बांधून, वर तसंच छप्पर घालून केलेली दुसरी भिंत दसऱ्यापर्यंत तशीच उभी राहिली, आणि सगळं घर मातीचं झालं.

पोत्यात थोडी माती उरली होती. बाई म्हणाल्या, "पाऊस पोचणार नाही तिथं लावा." स्वयंपाकघरातला कोनाडा मी तिनं सारवला.

राखणीचं काम संपल्यावर आम्ही पनवेलला भाड्याच्या खोलीत आलो. गावी आईच्या माळवदाच्या जागी आता स्लॅब आहे. आमची माती भिंतीवर राहिली ती त्या कोनाड्यातच. कधी वाटतं जावं, दार वाजवावं आणि म्हणावं, जरा हात फिरवून घेते. रिक्षा स्टँडपर्यंत जातेही. पण लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊन असं कसं मागायचं, म्हणून भाजी घेऊन परत येते.