तासभर उघडू नये

पद्माकर शिरगावकरांना जहाजाच्या इंजिनाबद्दल काहीही विचारा, उत्तर तयार. चाळीस अंशांच्या उकाड्यात उभं राहून कोणता पंप कुरकुरतोय हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. घरच्या बाबतीत मात्र हा माणूस अगदीच कच्चा. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर, आणि सिंगापूरच्या वुडलँड्स भागातल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बायको मेधा आणि नऊ वर्षांची किमया. लेकीचे लागोपाठ दोन वाढदिवस त्यांनी 'नक्की येतो' म्हणून सांगून चुकवले होते. जहाज काही कोणाच्या केकसाठी थांबत नाही हे खरं, पण ते नऊ वर्षांच्या पोरीला कोण पटवणार?

शहाण्णव सालच्या जानेवारीत त्यांचं जहाज रशियातल्या व्लादिवोस्तोकला निघालं. जायच्या आदल्या दिवशी ते किमयाला म्हणाले, "तिकडे समुद्र गोठतो, माहितीये? मी त्याच्यावर उभा राहून फोटो काढून आणणार तुला."

होमवर्कमधून मानसुद्धा वर न करता किमया, वाक्याला 'लाह' जोडणाऱ्या तिच्या सिंगापुरी इंग्रजीत, म्हणाली, "डोन्ट प्रॉमिस लाह, पपा."

ती रागावली असती तर परवडलं असतं. तिने अगदी समजुतीने सांगितलं, म्हणून ते जिव्हारी लागलं. या वेळी शब्द पाळायचाच, असं पद्माकररावांनी मनाशी पक्कं केलं.

मेधाची तयारी केव्हाच सुरू झाली होती. बाहेर बत्तीस अंश, आणि बाई पंख्याखाली बसून लोकरीची कानटोपी विणतायत. शेजारच्या चिनी आंटी दारातून बघून डोक्याला हात लावायच्या. हातमोज्यात अंगठ्याचं आणि पहिल्या बोटाचं टोक तिने उघडं ठेवलं, कॅमेऱ्याचं बटण दाबता यावं म्हणून. संक्रांत जहाजावरच येणार, तेव्हा तिळाच्या लाडवांचा स्टीलचा डबाही सोबत दिला. सिंगापूरच्या दमट हवेत लाडू, रवा, बेसन सगळं फ्रिजमध्येच ठेवावं लागतं, आणि मेधाच्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर ठसठशीत अक्षरात एकच हुकूम चिकटवलेला असे: 'बाहेर काढल्यावर तासभर उघडू नये. घाम सुटतो.' या घामावरून पद्माकरराव तिला वर्षानुवर्षं चिडवत आले होते. "लाडू काय ओव्हरटाइम करतात का गं?"

व्लादिवोस्तोकला उणे चोवीस अंश होते. श्वास मिशीवरच गोठायचा, आणि डेकवरच्या लोखंडाला उघडं बोट लागलं तर कातडी सोलून निघायची. पहिल्याच दिवशी पद्माकररावांनी डेकवरून बर्फाचे अकरा फोटो काढले आणि बोटं शेकायला केबिनमध्ये आले. बघतात तो कॅमेरा पांढराफटक पडला आणि त्याच्यावरून पाणी निथळायला लागलं. त्यांनी तो रुमालाने पुसला आणि पुन्हा बाहेर गेले. आत शिरलेलं पाणी तिथे गोठलं. बटण दबेना, फिल्म सरकेना. आयुष्यभर हाताखालच्या लोकांवर 'जोर लावू नका' म्हणून ओरडलेल्या या इंजिनिअरने तेव्हा नेमका जोर लावला. कट्कन आवाज झाला. थंडीने कडक झालेली फिल्म तुटली होती, अकराही फोटो वाया गेले.

इंजिनरूमच्या उबेत दोन दिवस वाळवल्यावर कॅमेरा पुन्हा सुरू झाला. पण आता एकच रोल उरला होता, आणि परवा जहाज सुटणार होतं. फोटो काढला तरी कॅमेरा कधीतरी उबेत न्यावाच लागणार, आणि नेला की पुन्हा भिजणार. त्या रात्री त्यांना झोप कसली येतेय! किमयाचं वाक्य कानात घुमत राहिलं.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. पद्माकररावांनी मेसच्या फ्रिजमधून डबा काढला. सगळे हात पुढे करून उभे. ते झाकणाला अंगठा लावणार, तोच नजर चिकटपट्टीवर गेली. घाम सुटतो.

"सर, काय झालं?" थर्ड इंजिनिअर शैलेंद्रने विचारलं.

"अरे, कॅमेऱ्याला घाम सुटला होता!" पद्माकरराव ओरडले, आणि एकटेच खो-खो हसत सुटले. गार वस्तू उबदार हवेत उघडी ठेवली की पाणी तिच्यावर धरतं. बंद डब्यात ठेवली की पाणी बसतं डब्यावर, आतली वस्तू कोरडी. याच विषयाच्या परीक्षेत ते पहिल्या वर्गात पास झाले होते, आणि अक्कल आली ती लाडवाच्या झाकणावरून! तासाभराने त्यांनी लाडू वाटले आणि रिकामा डबा लख्ख पुसून घेतला.

दुपारी ते आणि शैलेंद्र गोठलेल्या खाडीवर उतरले. बर्फाला भोकं पाडून गळ टाकून बसलेले म्हातारे त्यांच्याकडे बघत होते. वीस वर्षं समुद्रावर काढलेल्या पद्माकररावांनी त्याच समुद्रावर पहिलं पाऊल चाचपून, टाच आपटून ठेवलं. थंडीत बॅटरी बसू नये म्हणून ती त्यांनी बंडीच्या खिशात, पोटाशी धरली होती. ती कॅमेऱ्यात घालून तो त्यांनी शैलेंद्रच्या हातात दिला.

"श्वास रोखून धर, नाहीतर काच धुरकटेल. आणि फिल्म हळू फिरव. अगदी हळू."

मेधाची कानटोपी डोक्यात आणि तिचा डबा छातीशी धरून ते उभे राहिले. फोटो झाल्यावर कॅमेरा तिथेच बर्फावर डब्यात गेला आणि झाकण घट्ट बसलं. केबिनमध्ये डबा बाहेरून नुसता घळाघळा निथळत होता. पद्माकरराव समोर बसून राहिले. लाडवाला एक तास, तर लोखंडाला दोन, असा त्यांनी हिशोब केला. मग झाकण काढलं. कॅमेरा कोरडा ठणठणीत होता. त्यांनी झाकणावरच्या त्या अक्षरांना चक्क नमस्कार केला.

फेब्रुवारीत ते घरी परतले. इमारतीखालच्या दुकानात तासाभरात फोटो धुऊन मिळत. तिघंही बाहेर बाकावर बसली.

"वन अवर सो लाँग, लाह," किमया कुरकुरली.

"तासभर उघडायचं नसतं," पद्माकरराव गंभीरपणे म्हणाले. मेधाने त्यांच्याकडे चमकून बघितलं. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तुझ्या डब्याने माझी लाज राखली, मेधा. इतकी वर्षं हसलो त्याला. चुकलंच माझं."

मेधाचे डोळे भरून आले. पण बोलली ती वेगळंच. "डबा आणलाय ना परत?"

पाकीट आलं. किमयाने फोटो बाहेर काढला. पांढऱ्याशुभ्र पसाऱ्यात टोपीवाला पपा, मिशा पांढऱ्या, छातीशी डबा. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि झाकणावरचं आईचं अक्षर लावून लावून वाचलं, "उ-घ-डू न-ये." मग पपाच्या बुटांखाली बोट ठेवून विचारलं, "धिस वन रियली सी, आह?"

"समुद्रच. खरा."

तिने बुटांखालचं बोट उचललं. मग फोटो पुन्हा पाकिटात घालून, पाकीट नीट बंद करून ती म्हणाली, "माय बर्थडे इज इन जून. ओके, पपा. नाऊ यू कॅन प्रॉमिस."