अगोदर ढोरं

विहिरीच्या ओट्याखाली मी घागर धरून उभी होते. पाटलाच्या सुनेनं भरलेली बादली वर ओढली, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूच्या ढोरांच्या डोणीत ओतली. मग आणखी एक. मग आणखी. बैलानं मान खाली घातली आणि माझ्या डोळ्यांसमोर सुर्र करून पाणी ओढलं. माझ्या हाताला रग लागली, तरी घागर तशीच धरून होते.

"ढेकूळ कोरडं निघालं," ती म्हणाली. "औंदा पानी पुरनार नाई. अगोदर ढोरं. उरलं तं तुमी."

उरलं नाही.

आमचं गाव अकोटच्या खाली, पूर्णेच्या काठचं. खारपाणपट्टा. कुठंही खणा, खारंच लागतं. आमच्या वस्तीतल्या विहिरीचं पाणी असं, की डाळ शिजता शिजत नाही, साबण झिजून जातो पण फेस येत नाही, आणि प्यालं की तहान आणखी वाढते. गोड विहीर अख्ख्या गावात एकच. ती म्हणे गावाची. गावाची म्हणजे आम्हाला सोडून बाकीच्यांची. आमच्या बाया खाली घागरी धरून उभ्या राहायच्या, वरून कोणाला दया आली की ओतायचं. दया! त्या विहिरीची माती माझ्या आज्यानं डोक्यावर वाहिली होती.

आता ढेकळांचं सांगते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पाटलाच्या अंगणात शेतातली चार ढेकळं मांडत. जेठ, आखाड, सावन, भादवा, एकेका महिन्याचं एकेक. त्यांच्यावर पाण्यानं भरलेला मातीचा घट. दुसऱ्या दिवशी सकाळी घट उचलायचा. जे ढेकूळ भिजलं तो महिना पावसाचा, जे कोरडं राहिलं तो कोरडा. गावाचा सगळा भरवसा त्याच्यावर. आणि ती ढेकळं आणून द्यायचं काम आमच्या घराचं, बापजाद्यांपासून. बदल्यात दाराबाहेर शिळ्या पोळ्या मिळायच्या.

बा नागपूरहून दीक्षा घेऊन आला, त्यानंतरची ती पहिलीच आखाजी. पाटलाचा माणूस बोलवायला आला. बा त्याला म्हणाला, "आमी आता ढेकलं आनत नाई." एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. तो माणूस आल्या वाटेनं परत गेला.

ढेकळं मग पाटलाच्या गड्यानं आणली. आखाड आणि सावन कोरडे निघाले. गाव बैठकीला बसलं आणि ठरलं, की यंदा पाणी कमी पडणार, तेव्हा आमच्या वस्तीला गोड पाणी बंद. कमी पडणार होतं ते पुढं पावसाळ्यात. आमचं बंद झालं त्याच सकाळी.

घरात माय बाळंतीण. खाऱ्या पाण्याचा घोट घेतला की तिला उमळून यायचं. दूध आटलं. बारकी बहीण, तिचं नावसुद्धा अजून ठेवलं नव्हतं, रडून रडून तिचा आवाज बसला. बा पहाटे उठून नदीच्या पात्रात झिरा उकरायचा आणि लोटाभर पाणी आणायचा, त्याच्यावर त्या दोघी तगल्या. मी रोज विहिरीवर जायची आणि रिकामी घागर घेऊन परत यायची. माय घागरीकडे पाहायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज संताप येतो तो याचाच, की लाज मला वाटत होती.

मग आखाड आला. काय पाऊस लागला म्हणता! पूर्णेला पूर, अकोटच्या बाजाराची वाट बंद, घरं गळून राहिली. गोड विहीर तर अशी भरली, की ओट्यावरून वाकून हातानं पाणी घ्यावं. मी मनात म्हटलं, चला, ढेकूळ खोटं ठरलं, आता देतील. खरंच तसं वाटलं मला. वेडी पोट्टी. राखेनं घागर घासली आणि गेले.

डोणी काठोकाठ भरलेली. बैलांनी तोंड फिरवलेलं. पाटलाच्या सुनेनं तरी त्याच डोणीत बादली ओतली. पाणी उतू गेलं आणि माझ्या पायाखालच्या चिखलात मुरलं.

मी म्हटलं, "बाई, आता तं लय पानी हाये. आता काहून देत नाई?"

ती बादली खाली ठेवून म्हणाली, "पुढच्या सालचं कोनं पाह्यलं?"

तिथं माझे डोळे उघडले. म्हणजे पाऊस नाही आला तरी आमचं बंद, आणि आला तरी पुढच्या सालासाठी बंद. ढेकळाचा काही संबंधच नव्हता. बानं मान वर केली होती, त्याची ही शिक्षा होती. आणि ती गाववाले माझ्या मायच्या घशातून वसूल करत होते.

मी ओट्याच्या पायऱ्या चढले.

"उतर खाली, पोट्टे."

"नाई उतरत."

घागर माझ्या हातानं विहिरीत बुडवली. वर काढली. ओंजळभर तिथंच प्याले, तिच्यासमोर, आणि भरली घागर कमरेवर घेऊन चिखलातून घरी आले. माय ते पाणी प्याली आणि माझ्याकडे पाहून ढसाढसा रडली. ती भ्यायली होती.

भ्यायला कारण होतं. घरावर दगड आले. गावातली मजुरी बंद झाली, बाला अकोटच्या कापसाच्या जिनात हमालीला जावं लागलं. पण दुसऱ्या दिवशी मी घागर उचलली तेव्हा माय बारकीला कडेवर घेऊन उठली. "चाल, मी येतो संगं." मग शेजारच्या बाया निघाल्या. पावसाळा सरला, पाणी खाली गेलं, तेव्हा आम्ही अंबाडीचा दोर वळला. आमचा स्वतःचा.

पुढं बऱ्याच वर्षांनी सरकारी साहेब आले. विहिरीविहिरीत फीत सोडून त्यांनी पाणी मोजलं आणि चावडीवर सगळ्यांना सांगितलं, की जमिनीखालचं गोड पाणी खाली चाललं आहे, पुढच्या काळात आणखी कमी पडेल. साहेब खरंच सांगत असतील, त्यांनी मोजून पाहिलं होतं. पण त्यांचं बोलणं संपायच्या आत चावडीवरच्या माना आमच्याकडे वळल्या. ती नजर मी ओळखते.

मी उठून उभी राहिले. "सायेब, कमी पडनार, समजलं. पन कमी कोनाच्या घरापासून सुरू करनार, ते आत्ताच बोला."

साहेबांनी पाटलाकडे पाहिलं. पाटलानं जमिनीकडे.

मग मीच बोलले. कमी पडलं तर अख्ख्या गावाला सारखं कमी. कमी करायची सुरुवात पुन्हा आमच्या दारापासून केली, तर मी पुन्हा पायऱ्या चढीन. दोर माझ्या घरात आहे.